चार दरबारांचा एक करार

शत्रू समाईक असला म्हणजे शेजाऱ्यांचे सख्य आपोआप टिकते, असा अनेकांचा समज असतो. आपल्याच दक्षिणेच्या इतिहासातील एक प्रकरण पाहिले असता हा समज किती अपुरा आहे, हे वाचक बंधुभगिनींच्या ध्यानी येईल.

राघोबादादांनी १७७५ साली सुरतेस इंग्रजांशी तह केला आणि पुणे दरबारावर युद्ध ओढवले. १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे इंग्रजांची नाचक्की झाली, तरी धोका टळला नव्हता. तेव्हा नाना फडणिसांनी निजामअली, हैदरअली आणि नागपूरकर मुधोजी भोसले यांस एकत्र आणून चौकडी उभी केली. पुणेकरांनी मुंबईकर इंग्रजांस अडवावे, हैदराने मद्रासेवर चालून जावे, निजामाने उत्तर सरकार प्रांतात शिरावे व भोसल्यांनी बंगालवर स्वारी करावी, असा हा विशाल बेत होता.

परंतु चौघांच्या चिंता चार प्रकारच्या होत्या. पुण्यास राघोबांचे भय होते. १७६९ च्या तहाप्रमाणे इंग्रज संकटात साह्यास येतील, ही हैदराची आशा पुढे मराठ्यांच्या स्वारीच्या वेळी फोल ठरली होती. त्याची दृष्टी अर्काटवर होती आणि पाठीमागून मराठे येणार नाहीत, एवढी हमी त्यास हवी होती. निजामाचा राग मुख्यतः गुंटूरपुरता होता. त्याचा भाऊ बसालतजंग याजकडून तो प्रांत मद्रासकरांनी परस्पर घेतला होता. भोसल्यांस तर कलकत्त्याच्या शेजारी असलेला आपला ओरिसा सांभाळावयाचा होता.

वॉरन हेस्टिंग्जने हे वर्म अचूक ओळखले. त्याने १७८० साली गुंटूर परत देवविले. निजाम स्वस्थ बसला. मुधोजींनी पुत्र चिमणाजी याजबरोबर कटकेकडे फौज धाडली खरी, परंतु ती रेंगाळली. पुढे लक्षावधी रुपये पावताच बंगालची स्वारी बारगळली. इतकेच नव्हे, तर १७८१ साली कर्नल पिअर्सची पलटणे भोसल्यांच्या ओरिसातूनच हैदराशी लढण्यास मद्रासेकडे निर्वेध गेली!

हैदर मात्र मनापासून लढला. १७८० च्या जुलैत तो कर्नाटकात उतरला व सप्टेंबरात पोलिलूर येथे त्याने बेलीची संपूर्ण तुकडी गारद केली. इकडे डिसेंबरात वसई पडली. तथापि १७८१ च्या एप्रिलात हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन व तुकोजी होळकर यांनी बोरघाटातून माघार घेणाऱ्या गॉडर्डची दाणादाण उडविली.

आता दोष केवळ निजाम-भोसल्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ, तर तो न्याय होणार नाही. इंग्रज माळव्यात शिरताच महादजी शिंद्यांस स्वतःच्या मुलखाची काळजी पडली. १७८१ च्या ऑक्टोबरात त्यांनी समेट केला आणि १७ मे १७८२ रोजी त्यांच्याच मध्यस्थीने सालबाईचा तह ठरला. हैदराने जिंकलेला कर्नाटकचा मुलूख सोडावा, असे कलम त्यात होते; आणि हैदर तर अद्याप रणांगणावर होता! नानांनी मान्यता देण्यास विलंब लावला. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर निवर्तला; त्यानंतरच पुण्याची संमती मिळाली.

या चौकडीस समाईक खजिना नव्हता, चारही आघाड्यांचा मेळ घालणारा सेनापती नव्हता. एकाची निकड भागली म्हणजे उरलेल्यांचे काय, याचा बंदोबस्तही नव्हता. परिणाम दूरवर पोहोचला. १७९० साली मराठे व निजाम हेच टिपूविरुद्ध इंग्रजांच्या बाजूस उभे राहिले. १७९८ साली निजाम तैनाती फौजेच्या आहारी गेला, १७९९ साली टिपू पडला आणि १८०२ साली वसईच्या तहाने खुद्द पेशव्यांवर तीच पाळी आली.

नानांचा बेत चुकीचा नव्हता, अपुरा होता. शेजाऱ्याचे भय आपल्या भयाहून वेगळे आहे, हे करार करतानाच मोकळेपणी मान्य करून त्याची तजवीज करावी लागते. ती आपण केली नाही, तर शत्रू ती आपल्या परीने करतो.