नवशिक्यांमुळे घडलेली चिन्हे

अरबी वाचायला शिकणाऱ्याला सुरुवातीला अक्षरांच्या आकारांची धास्ती वाटते, पण खरी अडचण आकार ओळखता येऊ लागल्यावर सुरू होते. रोजच्या अरबी मजकुरात ऱ्हस्व स्वर लिहिलेलेच नसतात. काफ, ते आणि बे ही तीन अक्षरे ओळीने आली, तर ‘कतब’ म्हणजे त्याने लिहिले, ‘कुतिब’ म्हणजे लिहिले गेले आणि ‘कुतुब’ म्हणजे पुस्तके, अशी तिन्ही वाचने शक्य असतात. काना, मात्रा, वेलांटी गाळून छापलेले मराठी पान वाचायला द्यावे, तसाच हा प्रकार. हा घोळ मिटवणाऱ्या वर-खालच्या लहान खुणांना ‘हरकात’ म्हणतात. या खुणा म्हणजे नवशिक्यांची तात्पुरती सोय, खऱ्या विद्येशी त्यांचा संबंध नाही, असा समज आहे. त्यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. या खुणा नवशिक्यांसाठीच जन्मल्या. पण त्या घडवताना बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बारकाईने पाहावे लागले, आणि अरबी उच्चारशास्त्र त्याच नजरेने पुढे वाढले.

हा इतिहास मुख्यतः इराकमधल्या बसऱ्याचा आहे. सातव्या शतकात लष्करी छावणी म्हणून वसलेल्या या शहरात अरब टोळ्यांबरोबर फारसी आणि इतर भाषा बोलणारे लोक मोठ्या संख्येने राहू लागले. नव्याने मुसलमान झालेल्या या लोकांना कुराण पठण करायचे होते, पण अरबी त्यांची मातृभाषा नव्हती. अरबीत शब्दाच्या अखेरचा स्वर विभक्तीचे काम करतो, त्यामुळे तो चुकला की वाक्याचा अर्थच उलटतो. परंपरेत याचे एक उदाहरण नेहमी दिले जाते. ‘अल्लाह अनेकेश्वरवाद्यांपासून मुक्त आहे आणि त्याचा प्रेषितही’ अशा आशयाच्या आयतीत एका शब्दाचा शेवटचा स्वर बदलला, तर अल्लाह प्रेषितापासूनही मुक्त आहे, असा भलताच अर्थ निघतो. अशा चुका कानी आल्यावर बसऱ्याच्या अबू अल-अस्वद अद-दुअली (मृत्यू सुमारे ६८८) यांनी लेखनिकाला समोर बसवले, असे सांगतात. मी ओठ उघडले की अक्षराच्या वर ठिपका दे, ओठ खाली ओढले की खाली दे आणि गोल केले की अक्षराच्या पुढे दे, अशी त्यांची सूचना होती. ठिपके अक्षरांपेक्षा वेगळ्या रंगाच्या शाईने द्यायचे होते. म्हणजे ही खूण आधी ओठांवर वाचली गेली आणि मग पानावर उतरली.

या कथेवर इतिहासकारांचा आक्षेप आहे. ती बऱ्याच उशिरा लिहून ठेवली गेली आणि एका मोठ्या बदलाचे श्रेय एकाच माणसाला देते. शिवाय शेजारच्या सिरियाक ख्रिस्ती लेखनात ठिपक्यांनी उच्चारभेद दाखवण्याची रीत होतीच. हे दोन्ही मुद्दे मान्य करायला हवेत, पण त्यांनी मूळ प्रतिपादन ढळत नाही. आठव्या-नवव्या शतकांतल्या चर्मपत्रावरच्या कुराणप्रतींत लाल ठिपके याच तीन जागी, वर, खाली आणि पुढे, आढळतात. नाव कोणाचेही असो, ही पद्धत प्रत्यक्ष वापरात होती. ठिपक्याची कल्पना उसनी असली, तरी ती घेण्याची गरज बसऱ्यासारख्या बहुभाषिक शहरांत निर्माण झाली. या पद्धतीची आठवण महाराष्ट्रातल्या मकतबांतही (मुलांना कुराण शिकवणाऱ्या शाळांतही) टिकून आहे. तिथे मुले ‘अ’, ‘इ’ आणि ‘उ’ या स्वरांना अनुक्रमे ज़बर, ज़ेर, पेश म्हणतात. या फारसी शब्दांचे अर्थ वर, खाली आणि पुढे असे आहेत. आज पेशाची खूण अक्षराच्या वर बसते, नाव मात्र जुन्या ठिपक्याच्या जागेशी जुळते.

पुढची पायरीही बसऱ्यातलीच, आणि ती एका अडचणीतून आली. ب (बे) आणि ت (ते) यांसारखी एकाच आकाराची अक्षरे वेगळी दाखवायलाही ठिपकेच वापरले जात. हे काम हज्जाज या इराकच्या राज्यपालाच्या काळात झाले असे सांगतात. पण इजिप्तमध्ये सापडलेल्या ६४३ सालच्या ग्रीक-अरबी पपायरसवर काही अक्षरांना ठिपके आहेत, म्हणजे ती रीत आणखी जुनी आहे. अक्षराचे ठिपके आणि स्वराचे ठिपके यांत गोंधळ होऊ नये म्हणून दोन शाया बाळगाव्या लागत. म्हणून आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमद यांनी स्वरांसाठी ठिपक्यांऐवजी लहान आकार वापरले. ‘उ’साठी इवलासा वाव, ‘अ’साठी वर तिरपी रेघ, ‘इ’साठी खाली तशीच रेघ आणि द्वित्तासाठी शीन अक्षराचा शेंडा. आज आपण पाहतो त्या खुणा याच. याच खलीलच्या नावावरच्या ‘किताब अल-ऐन’ या कोशाची मांडणी घशातून निघणाऱ्या वर्णांपासून ओठांपर्यंत आहे. त्यांचे शिष्य सीबवैही यांनी व्यंजनांची सोळा उच्चारस्थाने सांगितली. ते स्वतः फारसी वंशाचे होते. स्वरचिन्ह, कोश आणि उच्चारशास्त्र ही तिन्ही एकाच वर्तुळातून आली, याला मी योगायोग मानत नाही.

या खुणांना धर्मनिष्ठांचाही विरोध होता. पवित्र ग्रंथात माणसाने भर घालू नये, हे त्यांचे म्हणणे होते. मदिनेचे मालिक इब्न अनस (मृत्यू ७९५) यांनी काढलेला मार्ग मला फार महत्त्वाचा वाटतो. मुले ज्यांवरून शिकतात त्या प्रतींत ठिपके चालतील, मूळ प्रमाणप्रतींत नकोत, असे मत त्यांच्या नावावर नोंदले आहे. अंदलुसियाचे अबू अम्र अद-दानी (मृत्यू १०५३) यांनी ठिपके देण्याच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि खलीलच्या आकारांपेक्षा जुने ठिपकेच कुराणाला योग्य मानले. हळूहळू विरोध मावळला, आणि शिकणाऱ्यासाठी दिलेली सवलत सर्वांचा नियम झाली. कुराणाच्या १९२४ च्या कैरो आवृत्तीत एकही ऱ्हस्व स्वर वाचकाच्या अंदाजावर सोडलेला नाही. भारतीय उपखंडातल्या छपाईत खुणा त्याहून अधिक असतात. कैरोच्या प्रतीत दीर्घ स्वराचे वाव आणि ये मोकळे राहतात, इथे त्यांच्यावरही खूण दिसते. वाचकाची मातृभाषा अरबीपासून जितकी दूर, तितक्या खुणा अधिक.

उरतो एक आक्षेप. अरब लोक वर्तमानपत्र खुणांविना वाचतात, मग शिकणाऱ्यानेही तसेच का शिकू नये? अरब वाचकाला तो शब्द आधी कानाने माहीत असतो. अक्षरे त्याला फक्त त्याची आठवण देतात. परक्या शिकणाऱ्याकडे ती आठवण नसते. पण खुणाही एकट्या पुरत नाहीत. ज़बर लावले म्हणून ‘सीन’ आणि ‘साद’ यांतला फरक जिभेला समजत नाही. मराठी किंवा उर्दू बोलणाऱ्याच्या तोंडी अरबीतले चार वेगळे वर्ण एकाच ‘ज़’मध्ये मिसळतात. उस्मान खलिफांनी शहरोशहरी कुराणाच्या प्रती पाठवल्या तेव्हा सोबत पठण करणारे जाणकारही धाडले, असे परंपरा सांगते, ते याचसाठी. लुधियानाचे नूर मुहम्मद यांच्या ‘नूरानी क़ायदा’ या बाळबोध पुस्तकाची रीतही तीच आहे. आधी सुटी अक्षरे, मग हरकात, तन्वीन (शब्दाच्या शेवटी ‘न’चा उच्चार), सुकून (स्वर नसल्याची खूण), तश्दीद (द्वित्ताची खूण), आणि प्रत्येक पायरीवर मोठ्याने हिज्जे, म्हणजे अक्षर-अक्षर फोडून उच्चार. म्हणून अरबी शिकवणाऱ्याने दोन गोष्टी टाळाव्यात. खुणांची गरज असलेल्याला कमी लेखू नये आणि खुणांचा तक्ता हाती देऊन उच्चार शिकवला असे मानू नये. ओठांकडे पाहून घडलेली ही चिन्हे ऐकत, पाहत आणि मोठ्याने म्हणतच शिकायची आहेत.