व्हिगोच्या सोन्याचा हिशेब

राणी अ‍ॅनच्या अर्धप्रतिमेखाली ‘व्हिगो’ अशी अक्षरे असलेले 1703चे पाच गिनींचे नाणे म्हणजे इंग्लंडच्या सोन्याच्या नाण्यांतले एक दुर्मीळ रत्न. वजन सुमारे पावणेबेचाळीस ग्रॅम, म्हणजे साडेतीन तोळ्यांहून थोडे अधिक. सोने बावीस कॅरट. लिलावात ते आले की स्पॅनिश खजिन्याच्या लुटीची कथा हमखास सांगितली जाते. कथेला आधार आहे, पण त्या लुटीत सोने किती होते हे विचारायचे तर टांकसाळीच्या कागदांकडेच जावे लागते.

ऑक्टोबर 1702मध्ये अ‍ॅडमिरल जॉर्ज रूक यांच्या इंग्रज-डच आरमाराने स्पेनमधल्या व्हिगोच्या उपसागरात स्पेनचा खजिन्याचा ताफा आणि त्याची फ्रेंच रक्षक-जहाजे गाठली. ताफा नष्ट झाला किंवा हाती लागला. मात्र बरीचशी चांदी त्याआधीच किनाऱ्यावर उतरवून आत रवाना झाली होती. उरले ते लंडनला आले.

त्या धातूच्या नाण्यांवर व्हिगोचे नाव घालावे, म्हणजे पराक्रमाची आठवण पुढच्या पिढ्यांना राहील, अशा आशयाची राजाज्ञा निघाली. तिची तारीख 10 फेब्रुवारी 1703. त्या काळच्या इंग्रजी गणनेने मात्र 1702च, कारण तिथे नवे वर्ष 25 मार्चला लागे. नाणे पाडले ते याच्याही नंतर, आणि पुरावा नाण्यावरच आहे. त्याच्या कडेवरच्या लॅटिन लेखात राणीच्या कारकिर्दीचे दुसरे वर्ष नोंदले आहे. अ‍ॅन गादीवर आली 8 मार्च 1702ला. म्हणजे दुसरे वर्ष सुरू झाले 8 मार्च 1703ला. कडेकडे बहुतेक जण पाहतच नाहीत, पण तारखेचा एवढा नेमका साक्षीदार दुसरा नाही.

आता सोने. टांकसाळीचे मुख्य अधिकारी होते आयझॅक न्यूटन. जून 1703पर्यंत आपल्याकडे आलेल्या धातूचा हिशेब त्यांनी दिला: चांदी 4,504 पौंड 2 औंस, सोने 7 पौंड आणि आठ औंसांच्या थोडे वर. एकूण किंमत सुमारे 14,000 पौंड. आकडा पडताळून पाहता येतो. टांकसाळीच्या एका पौंड चांदीचे 62 शिलिंग होत, म्हणजे चांदीचेच 13,960 पौंडांच्या आसपास भरतात. बावीस कॅरटच्या एका पौंड सोन्यातून साडेचव्वेचाळीस गिनी निघत. आलेले सोने त्याच कसाचे धरले तर सगळ्याच्या मिळून साडेतीनशेच्या आत गिनी होतात. ते सारे पाच गिनींच्या नाण्यांत घातले असते तरी सत्तरच्या आतच नाणी झाली असती. आणि व्हिगोचे नाव गिनी व अर्ध्या गिनीवरही आहे. तेव्हा पाच गिनींच्या नाण्यांची संख्या याहून बरीच कमी असणार. आज ती जेमतेम वीसच्या घरात माहीत आहेत, यात नवल नाही.

म्हणजे त्या विजयाची खरी कमाई चांदीत होती. क्राउन, अर्धा क्राउन, शिलिंग, सहा पेनी या नाण्यांवरही हेच नाव आहे, आणि ती सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात येतात. पाच गिनींच्या नाण्याचे मोल त्याच्या विरळपणात आहे, ते मला मान्यच. पण जहाजांतून खरोखर काय उतरले हे ज्याला हातात धरायचे आहे, त्याने व्हिगोचा शिलिंग घ्यावा.