हलक्या दगडातील तांबे

बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्याकडील कोणाही गृहिणीस सांगावे लागत नाही. आंबटपणा तांब्याचा अंश ओढून घेतो. स्वयंपाकघरात जो दोष, त्याच्याच बळावर चिली देशातील चुकिकामाता येथे एक अवाढव्य उद्योग उभा राहिला.

आताकामाच्या त्या निर्जल वाळवंटात १८९९ साली एका अरुंद विवरात एक शव सापडले. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास दरड कोसळून अडकलेला तो खाणकरी होता. जवळ दगडी हातोडे नि टोपल्या. तांब्याच्या क्षारांनी देह हिरवा पडलेला. तेव्हा तांबे तेथे आहे, हे पुरातन काळापासून ठाऊक होते. अडचण निराळीच होती. समृद्ध शिरा वेचून झाल्यावर उरलेल्या डोंगरात शंभर भागांस जेमतेम दोन भाग धातू. एवढा दगड भट्टीत वितळवावा, तर धातूपेक्षा इंधनच महाग पडावयाचे. (आम्हां कचेरीतील मंडळींनी असले प्रकरण केव्हाच दप्तरदाखल केले असते!)

नॉर्वेत जन्मलेले धातुतज्ज्ञ कॅपेलेन स्मिथ यांनी गुगेनहाइम बंधूंसाठी यातून वाट काढली. दगड भरडून प्रचंड हौदांत गंधकाम्लात भिजत ठेवावयाचा. तांबे द्रावात उतरते, दगड मागे राहतो. त्या निळ्या द्रावातील क्लोरीनचा उपद्रव दूर करून त्यातून विजेचा प्रवाह सोडला, की ऋणाग्राच्या पत्र्यावर शुद्ध तांब्याचे थर चढू लागतात. धनाग्रापाशी प्राणवायू सुटतो, आणि खर्ची पडलेले आम्ल पुन्हा सिद्ध होऊन हौदाकडे परतते. या परताव्याचेच मला सर्वांत कौतुक वाटते. शिवाय येथील खनिजात गंधकाम्लाचा अंश मुळातच असल्याने आम्ल घटण्याऐवजी वाढतच असे.

१८ मे १९१५ रोजी उत्पादन सुरू झाले. वीज येई ती दूर समुद्रकाठच्या तोकोपिया बंदरातून; किलोभर तांब्यास सुमारे दोन युनिट वीज लागते. वाळवंटात आम्लापेक्षाही वीज आणि पाणी यांचीच चिंता अधिक, हे विसरून चालत नाही.

१९२३ साली खाण अॅनाकोंडा कंपनीकडे गेली, आणि १९७१ साली चिलीने ती राष्ट्राच्या मालकीची केली. दरम्यान, १९६८ साली अमेरिकेतील अॅरिझोना येथे अशुद्ध द्रावातून तांबे तेवढे रॉकेलसारख्या तेलात ओढून घेण्याची युक्ती व्यापारी प्रमाणावर साधली. त्यामुळे आणखी हलके दगडही, हौदाऐवजी उघड्यावर ढीग रचून वर आम्ल शिंपडण्याच्या रीतीने, कामी येऊ लागले.

चुकिकामातातील वसाहत मात्र टिकली नाही. धूळ, दूषित हवा आणि वाढत चाललेले टाकाऊ दगडांचे ढिगारे यांपायी २००८ पर्यंत तेथील कुटुंबांस कालामा शहरी हलविण्यात आले. गावाचे रुग्णालय आज त्या ढिगाऱ्यांखाली गाडले गेले आहे.