वळणारी झडप

अंतर्ज्वलन इंजिनाच्या, म्हणजे ज्याचे इंधन सिलिंडरच्या आतच जळते अशा इंजिनाच्या इतिहासात फिरत्या व्हॉल्व्हचे प्रकरण सहसा दोन-चार ओळींत आटोपते, आणि वर-खाली उचकणारा छत्रीच्या आकाराचा व्हॉल्व्ह हाच मूळ व स्वाभाविक, तर फिरता व्हॉल्व्ह ही नंतरच्या हौशी संशोधकांची आडवाट, असा वाचकाचा समज होतो. 'व्हॉल्व्ह' हा शब्दच मुळात वळण्याच्या क्रियेतून निघाला आहे आणि मराठीतले 'वळणे', 'वळण' व 'वलय' हे त्याचे दूरचे भाऊबंद आहेत, हे एकदा ध्यानात घेतले की हा क्रम उलटा होतो. वळणारी झडप ही या घराण्याचा मूळपुरुष ठरते आणि उचकणारी झडप ही मागाहून आलेली शाखा ठरते.

इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'वाल्वा' या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ दाराची एक फळी, दुपाखी दाराचे एक पाखे, असा आहे. रोमन घरांची आणि मंदिरांची दारे आजच्यासारख्या बिजागऱ्यांवर न लटकता, जुन्या वाड्यांतल्या दारांप्रमाणे, फळीच्या वरच्या व खालच्या टोकांना निघालेल्या खुंट्यांवर फिरत, त्यामुळे दाराचे पाखे म्हणजे वळणारी वस्तू, ही कल्पना त्या भाषेत सहज रुजली. बहुतेक कोशकार 'वाल्वा'चा संबंध 'वोल्वेरे', म्हणजे गुंडाळणे, फिरवणे, या क्रियापदाशी जोडतात. त्याच क्रियापदातून गुंडाळीच्या स्वरूपातला ग्रंथ दर्शवणारा 'व्हॉल्यूम' आणि फिरत्या नळकांड्याचे 'रिव्हॉल्व्हर' हे शब्द निघाले. संस्कृतातील 'वल्' हा धातू याच इंडो-युरोपीय मुळाचा मानला जातो, आणि 'वलते'पासून मराठी 'वळते' सिद्ध होते, हे सांगायला व्युत्पत्तिशास्त्राचा फार मोठा आधार लागत नाही.

या व्युत्पत्तीवर आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाणे योग्य नाही. पहिला आक्षेप स्वराचा: 'वोल्वेरे'मध्ये 'ओ' असताना 'वाल्वा'मध्ये 'आ' कसा आला, याचे उत्तर नियमात चटकन बसत नाही. दुसरा आक्षेप संस्कृतच्या बाजूचा आहे, कारण 'वल्' हे लकारयुक्त रूप वैदिक भाषेपेक्षा पुढच्या वाङ्मयात अधिक दिसते. तिसरा अधिक गंभीर आहे. त्याच ध्वनींचे दुसरे एक इंडो-युरोपीय मूळ झाकणे या अर्थाचे असून संस्कृतातील 'वृणोति' आणि 'आवरण' हे शब्द त्याच्याकडे जातात. दाराचे काम झाकण्याचेच असल्याने 'वाल्वा' त्या मुळाशी का जोडू नये, असा प्रश्न रास्त आहे. तरीही दार झाकते ते वळूनच, आणि लॅटिनच्या स्वतःच्या घरात वळण्याचे क्रियापद जिवंत व सर्वत्र वावरणारे होते. रोमन माणसाच्या कानाला 'वाल्वा' आणि 'वोल्वेरे' यांचे नाते ऐकू येत असले पाहिजे. स्वराचा आक्षेप शिल्लक ठेवूनही पारडे वळण्याच्या बाजूला झुकते.

या शब्दाला यंत्रात येण्याआधी शरीरातून जावे लागले. पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियुस यांनी १६०३ मध्ये नीलांमधील पडद्यांवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्या पडद्यांना त्यांनी 'लहान दारे' या अर्थाचे नाव दिले, आणि त्यांचे शिष्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडताना त्याच पडद्यांसाठी 'वाल्वा'चे लघुरूप वापरले. इंग्रजीतही हा शब्द आधी दाराच्या पाख्याला, मग शरीरातल्या पडद्याला आणि त्यानंतर यंत्राच्या भागाला लागला. मराठीने हाच प्रवास स्वतंत्रपणे केला, ही गोष्ट विलक्षण आहे. 'झडप' म्हणजे खिडकीची किंवा दाराची फळी. तीच पुढे हृदयाची झडप झाली आणि पंपाचीही झाली. शिकारी पक्षी 'झडप घालतो' त्या झडपेशी या झडपेचा संबंध असावा, कारण दोन्हींत एकाएकी येऊन पडण्याचा भाव आहे. तसे असेल तर लॅटिनने दाराचे वळणे टिपले आणि मराठीने त्याचे धाडकन मिटणे टिपले, असे म्हणता येते.

उचकणाऱ्या व्हॉल्व्हचे इंग्रजी नाव 'पॉपेट' असे आहे. ते 'पॉप', म्हणजे फट्कन उडणे, या शब्दावरून आले असे पुष्कळांना वाटते, आणि वाफ फट्कन सोडणाऱ्या सुरक्षा-झडपांमुळे त्या समजाला बळ मिळाले आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी व अमेरिकी ग्रंथांत हा शब्द 'पपेट' असाही लिहिलेला सापडतो, आणि पपेट म्हणजे बाहुली. लेथ यंत्राच्या उभ्या आधारालाही हेच नाव होते, तेव्हा ताठ उभ्या राहणाऱ्या आकारावरून ते आले, असा दुसरा पक्ष मांडता येतो; परंतु दांड्याने उचलली जाणारी आणि दांडा सुटताच खाली बसणारी ही वस्तू कळसूत्री बाहुलीशी इतकी मिळतीजुळती आहे की हालचालीवरून नाव पडले, हाच पक्ष बळकट वाटतो. पुढील विवेचनात म्हणून तिला 'बाहुली झडप' आणि फिरणारीला 'वळती झडप' असे म्हटले आहे.

वळत्या झडपेचे पहिले ठळक रूप म्हणजे नळाची तोटी. पॉम्पेईच्या अवशेषांत काशाच्या तोट्या मिळाल्या आहेत. त्यांच्यात आडवे भोक पाडलेली खुंटी बाहेरच्या कवचात बसवलेली असते आणि ती पाव फेरा वळवली की भोक नळाच्या ओळीत येते किंवा त्यातून निघते. इंग्रजीने व जर्मनने या वस्तूला कोंबड्याचे नाव दिले, फ्रेंचने मेंढ्याचे, तर पोर्तुगीजने तिचे नाव वळण्याच्याच अर्थावरून ठेवले. खुंटी निमुळती ठेवण्यात मोठी युक्ती आहे: घासून ती झिजली तरी थोडी खाली दाबली की पुन्हा घट्ट बसते.

न्यूकोमेनच्या १७१२ च्या वाफेच्या इंजिनात गार पाण्याचा फवारा सोडण्यासाठी तोटीच होती. वॉट यांनी वाफेसाठी बाहुली झडप पसंत केली. ट्रेव्हिथिक यांनी जादा दाबाच्या इंजिनात चार वाटांची तोटी वापरली. मरडॉक यांची सरकती झडप १७९९ ची. कुळकथेच्या दृष्टीने महत्त्वाचा माणूस मात्र जोसेफ ब्रामा हा आहे. कुलूप, शौचकूप आणि १७९५ चे जलदाबयंत्र यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या कारागिराने चार वाटांची तोटी पुढेमागे न हलवता एकाच दिशेने सतत फिरवण्याची कल्पना मांडली, कारण पुढेमागे हलणारी खुंटी एकाच बाजूला जास्त झिजते आणि सतत फिरणारी सगळीकडे सारखी झिजते. वळत्या झडपेचा संपूर्ण तत्त्वविचार या एका वाक्यात आहे. वॉट यांच्या एकाधिकाराविरुद्ध न्यायालयात साक्ष देणारा हाच ब्रामा होता, तेव्हा बाहुली झडपेच्या आणि वळत्या झडपेच्या पक्षांतले वैर तितकेच जुने आहे. पोर्तुगीज 'शावे'वरून आलेली 'चावी' मराठीत कुलपालाही लागते आणि नळालाही लागते. कुलपे आणि तोट्या दोन्ही घडवणाऱ्या ब्रामाच्या कारखान्याचे याहून नेमके वर्णन दुसऱ्या भाषेत क्वचितच सापडेल.

प्रचलित मत वेगळे आहे. त्यानुसार वळत्या झडपेचा पूर्वज म्हणजे अमेरिकेतील जॉर्ज कॉर्लिस यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली नळकांड्याच्या आकाराची झडप, जिच्या एका प्रचंड इंजिनाने १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातील यंत्रे चालवली. आकाराचे साम्य खरे आहे. परंतु कॉर्लिसची झडप पूर्ण फेरा घेत नाही. ती झुलते आणि खिटी सुटताच झटक्यात मिटते, म्हणजे तिची आस बाहुली झडपेच्या चपळाईची आहे. पूर्ण फेऱ्याची कल्पना ब्रामाची, आणि ब्रामाच्या हातात तोटी होती. म्हणून वंशवृक्षात तोटीला मूळस्थान देणे आणि कॉर्लिसला चुलत घराण्यात बसवणे अधिक न्याय्य आहे.

त्याच १८७६ साली ओटो यांचे चार टप्प्यांचे इंजिन आले. त्यात आत येणाऱ्या वायूसाठी सरकती झडप आणि जळालेल्या वायूसाठी बाहुली झडप होती, आणि थोड्याच काळात दोन्ही जागा बाहुलीने घेतल्या. इटाला आणि दारॅक या कंपन्यांनी १९१२ च्या सुमारास वळत्या झडपेच्या मोटारी काढल्या, पण त्या टिकल्या नाहीत.

त्या का टिकल्या नाहीत, याचे उत्तर पाण्यात आहे. तोटीतून जे वाहते तेच तिला गार ठेवते आणि तेच तिला वंगण पुरवते. ब्रामाच्या तोटीतून जाणारी ओलसर वाफही खुंटी आणि कवच दोन्ही सारखेच तापवीत असे. इंजिनात पाण्याच्या जागी आग आली. सिलिंडरमधील ज्वाला २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. बाहेरच्या कवचाभोवती पाणी खेळवले तर कवच गार राहते, पण आतली फिरती झडप तापत जाते आणि फुगते. पोलाद दर अंशाला लांबीच्या एक कोटी भागांमागे सुमारे १२० भाग वाढते. ५० मिलिमीटर व्यासाची पोलादी झडप कवचापेक्षा २०० अंशांनी जास्त तापली तर तिचा व्यास सुमारे ०.१२ मिलिमीटरने वाढतो, आणि वायू अडवायचा तर दोघांमधली फट याच्या एका अंशाइतकीच ठेवता येते. म्हणून झडप धरते, म्हणजे कवचात जाम होते. फट वाढवली तर वायू गळतो. वंगण वाढवले तर तेल सिलिंडरमध्ये जाऊन जळते. शिवाय स्फोटाचा दाब ५० बार धरला आणि झडपेचे तोंड १० चौरस सेंटिमीटर धरले, तर प्रत्येक स्फोटाला सुमारे ५०० किलो वजनाइतका जोर तिला कवचावर दाबतो.

यावरचा सरळ उपाय म्हणजे झडप पोकळ करून पाणी तिच्या पोटातून नेणे: एका टोकाकडून फिरत्या सांध्यातून पाणी आत, दुसऱ्या टोकाकडून बाहेर. या पाण्याचे खरे काम माप राखणे हे आहे. झडप फार गार झाली तर ती आकसते आणि पुन्हा गळते, त्यामुळे झडप व कवच एकाच तापमानाच्या आसपास ठेवणे, म्हणजे आगीच्या तोंडाशी तोटीची मूळ परिस्थिती पुन्हा निर्माण करणे, हे त्या पाण्याचे उद्दिष्ट असते. बाहुली झडपवाल्यांनाही पोटात द्रव घालावाच लागला. उचकणारी बाहेरवाटेची झडप आपली उष्णता फक्त बैठकीतून व दांड्यातून सोडू शकते; म्हणून सॅम हेरन यांनी १९२० च्या दशकात तिचा दांडा पोकळ करून त्यात ९८ अंशांना वितळणारे सोडियम भरले.

तापलेल्या बाहुलीमुळे इंधन वेळेआधी पेटते आणि दाबाचे प्रमाण मर्यादित राहते, ही अडचण वळत्या झडपेला नाही, आणि याच आशेवर इंग्लंडमध्ये दोन माणसे आयुष्यभर झटली. बाथचे रोलंड क्रॉस यांनी सिलिंडरच्या माथ्यावर आडवी नळकांडी झडप बसवली, तिच्या एका बाजूने ताजा वायू व दुसऱ्या बाजूने जळालेला वायू नेला, आणि झडपेवरचा दाब सिलिंडरमधील दाबाच्या प्रमाणात कमी-जास्त होईल अशी मांडणी केली. लँकेशायरचे फ्रँक ॲस्पिन यांनी १९३७ च्या सुमारास २४९ घन सेंटिमीटरच्या इंजिनात उभ्या अक्षावर फिरणारी शंकूच्या आकाराची झडप वापरली. ज्वलनाची जागाच त्या शंकूत होती. ही सरळसरळ तोटीची निमुळती खुंटी होय. तोटीत मात्र खुंटी माणूस दाबतो, इथे तिला स्फोट दाबत होता, आणि तो जोर पेलण्यासाठी वेगळे बेअरिंग द्यावे लागले.

जर्मनीत फेलिक्स वांकेल फिरत्या तबकडी-झडपांच्या फटी बुजवण्याचा अभ्यास करीत होते. एनएसयू कंपनीने १९५१ मध्ये त्यांच्याशी झडपांसाठीच करार केला, आणि त्या अभ्यासातून १९५७ मध्ये त्यांचे प्रसिद्ध फिरते इंजिन सुरू झाले. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी दोन टप्प्यांच्या इंजिनाच्या केवळ आतवाटेवर तबकडी बसवली आणि १९६१ मध्ये १२५ घन सेंटिमीटरमधून २५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे २००, मिळवली. तिथे झडपेवरून जात होते ते गार आणि तेलमिश्रित इंधन, म्हणजे तोटीतल्या पाण्याचे दोन्ही गुण असलेले द्रव्य. वळती झडप निर्विवादपणे जिंकली ती याच एका ठिकाणी, आणि वरील उपपत्तीला याहून स्पष्ट पुरावा मागण्याचे कारण नाही.

चार टप्प्यांच्या इंजिनात ती यशाच्या सर्वांत जवळ पोचली ऑस्ट्रेलियात. आर्थर बिशप यांच्या संस्थेने मर्सिडीझ-इल्मोरबरोबर फॉर्म्युला वनच्या दहा सिलिंडरांच्या इंजिनासाठी केलेल्या रचनेत प्रत्येक सिलिंडरला एकच वळती झडप होती. ती कवचाला टेकत नव्हती, बारीक फट राखून फिरत होती, आणि वायू अडवण्याचे काम तरंगत्या पट्ट्या करीत होत्या. फुगण्याला जागा आणि अडवण्याला वेगळा भाग, ही फोड तोटीला कधी लागली नव्हती, आणि तीच बरोबर होती. परंतु २००६ पासूनच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनांसाठी लागू झालेल्या नियमांनी प्रत्येक सिलिंडरला दोन आतवाटेच्या व दोन बाहेरवाटेच्या झडपा सक्तीच्या केल्या, फक्त पुढेमागे हलणाऱ्या बाहुली झडपांनाच परवानगी दिली, आणि हलता भाग व स्थिर भाग यांच्यातील बंदिस्तीची कड वर्तुळाकारच असली पाहिजे, असे त्याच कलमात लिहिले.