वसईच्या चर्चमधील घंटा
आपल्या घराण्यांत चिमाजी अप्पांचा १७३९ चा वसईविजय अभिमानाने सांगितला जातो. किल्ल्यातील चर्चविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. जेझुइटांच्या सोळाव्या शतकातील चर्चची कोरीव स्तंभांची दर्शनी भिंत आजही उभी आहे. वसईतच जन्मलेल्या व १५९७ मध्ये नागासाकीस क्रुसावर चढविलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ते आता ओळखले जाते. वसईच्या चर्चमधील घंटा मात्र विजयचिन्हे म्हणून देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. शत्रूच्या उपासनेची चिन्हे न खरवडता महादेवाच्या दारी टांगणाऱ्यांची वृत्ती मला त्या विजयाहूनही मोठी वाटते. वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७ या सालासह बाळ येशूला घेतलेली मेरी अजूनही स्पष्ट दिसते.