कोणत्या वयाचा अली?

गेल्या पावसाळ्यात आमचे एक शिक्षक रजेवर होते म्हणून मी नववीच्या वर्गावर बदली तासाला गेलो. मुख्याध्यापक वर्गात शिरला की जी शांतता पसरते ती मला कधीच आवडली नाही. ती मोडावी म्हणून मी म्हटले, "आज धडा नाही. इतिहासातला कोणताही प्रश्न विचारा." कोणीतरी पानिपताचे काढील आणि माझा तास सुखात जाईल, असा माझा हिशेब. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे घर तालमीला लागून आहे. तो म्हणाला, "सर, मोहम्मद अली आणि माइक टायसन यांची लढत झाली असती तर कोण जिंकलं असतं?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण हा प्रश्न माझ्याच पोरवयातला होता. १९८० च्या सुरुवातीला अली भारतात आला, मद्रासला जिमी एलिसबरोबर त्याची प्रदर्शनीय लढत झाली, तेव्हा मी पाचवीत होतो. वाचनालयात एका वर्तमानपत्रापुढे आम्ही सहा जण माना वाकवून उभे असायचो. मी त्या मुलाला उलट विचारले, "कोणत्या वयाचा अली? आणि कोणत्या वयाचा टायसन?" तेवढ्यात घंटा झाली.

आमच्या भागातल्या माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. यात्रेच्या मैदानात जोड लावणे हेच सगळ्यांत जोखमीचे काम. पंच दोन्ही पोरांचे अंग पाहतात, वस्तादांना विचारतात आणि मग हातात हात देतात. जोड चुकली की कुस्ती दोन मिनिटांत संपते आणि लोक पंचांचा उद्धार करतात. तरी पंचांना एक सोय असते, दोघेही समोर उभे असतात. इथे तसे नाही. १४ नोव्हेंबर १९६६ रोजी ह्यूस्टनला अलीने क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवले. तो अलीचा सर्वोत्तम दिवस होता असे पुष्कळ जाणकार मानतात. त्या दिवशी टायसन साडेचार महिन्यांचा होता.

अशी जोड यंत्राकडून लावून घेण्याचा उद्योग एकदा झालेला आहे आणि त्याची हकीकत मोठी मासलेवाईक आहे. अमेरिकेत मायामी शहरी मरे वोरोनर नावाचा एक रेडिओ निर्माता होता. १९६७ साली त्याने सोळा हेवीवेट जगज्जेत्यांची एक काल्पनिक स्पर्धा रेडिओवर लावली. त्यातले कित्येक कधीच निवृत्त झालेले, काही तर दिवंगत. प्रत्येकाचा वेग, ठोशाची ताकद, मार सोसण्याची कुवत यांचे आकडे संगणकात भरायचे, संगणकाने निकाल द्यायचा आणि निवेदकाने लढत डोळ्यांसमोर घडते आहे अशा आवेशात ती ऐकवायची. अंतिम लढतीत रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवले. अली उपांत्यपूर्व फेरीतच बाद झाला. त्याला हरवले जिम जेफ्रीजने.

या निकालाने अली का संतापला हे समजायला जेफ्रीज कोण ते माहीत हवे. जेफ्रीज १९०५ साली अपराजित निवृत्त झाला आणि शेतीवाडीला लागला. पुढे जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. गोऱ्या अमेरिकेला ते सहन होईना, म्हणून या जेफ्रीजला पुन्हा बोलावून आणण्यात आले. त्याने शंभर पौंडांच्या आसपास वजन उतरवले आणि ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो जॉन्सनसमोर उभा राहिला. पंधराव्या फेरीत सारे आटोपले. त्या रात्री अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसे मेली. लोकांच्या मनातला जेफ्रीज १९०४ सालचा, रिंगमध्ये उतरला तो १९१० सालचा. वर्ष बदलले की माणूस बदलतो, एवढी साधी गोष्ट एका अख्ख्या देशाला दिसली नाही. अली तर स्वतःला जॉन्सनचा वारसदार समजे. त्याला यंत्राने हरवावे आणि तेही जेफ्रीजच्या हातून, हे त्याला झोंबले. त्याने दहा लाख डॉलरचा दावा लावला.

तडजोड अशी झाली की अलीने दहा हजार डॉलर घ्यावे आणि मार्सियानोबरोबर कॅमेऱ्यासमोर एक लुटुपुटीची लढत करावी. मार्सियानो ४९ लढतींत ४९ विजय मिळवून १९५६ सालीच निवृत्त झालेला. त्याने चित्रणासाठी भरपूर वजन उतरवले, डोक्यावर केसांचा टोप चढवला. १९६९ च्या उन्हाळ्यात मायामीच्या एका स्टुडिओत दोघे एकेक मिनिटाच्या कित्येक फेऱ्या खेळले आणि निरनिराळे शेवट चित्रित करून ठेवण्यात आले. चित्रण संपून काही आठवडेच झाले असतील, ३१ ऑगस्टला मार्सियानो विमान अपघातात गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा सेहेचाळिसावा वाढदिवस होता. २० जानेवारी १९७० रोजी चित्रपटगृहांत लोकांनी पैसे मोजून पाहिले की मार्सियानो तेराव्या फेरीत अलीला लोळवतो. अली म्हणे गमतीने म्हणाला की हा संगणक अलाबामात बनला असणार. अलाबामा म्हणजे वर्णद्वेषाबद्दल कुप्रसिद्ध राज्य. युरोपात मात्र अली जिंकतो असा शेवट दाखवला गेला.

एकच लढत, एकच यंत्र आणि समुद्र ओलांडला की निकाल बदलतो! विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की साधन कोणी लिहिले ते आधी पाहा. यंत्रात आकडे माणसांनीच भरले होते. मार सोसण्याच्या कुवतीला मार्क द्यायचे म्हणजे परीक्षकाची मर्जी आली, आणि परीक्षक काय चीज असते हे मी तीस वर्षे पाहतो आहे.

शिवाय आकडे नेमके असते तरी बेरीज जुळत नाही. फ्रेझरने १९७१ साली अलीला हरवले. त्या फ्रेझरला फोरमनने १९७३ साली किंगस्टनला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले. नॉर्टनने त्याच वर्षी अलीचा जबडा मोडला आणि पुढच्या वर्षी त्या नॉर्टनलाही फोरमनने दोन फेऱ्यांत उडवले. गणिताच्या शिक्षकाला विचाराल तर फोरमन अलीला चिरडणार हे सिद्ध झाले. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासाला आठव्या फेरीत फोरमन जमिनीवर होता.

तीच दोन माणसे दोन वेगळ्या दिवशी भेटली तरी निकाल फिरतो. १९३६ साली मॅक्स श्मेलिंगने ज्यो लुईला बाराव्या फेरीत झोपवले आणि दोनच वर्षांनी लुईने त्याला १२४ सेकंदांत. आपल्या गामाचेच पाहा. १९१० साली लंडनला तो आणि पोलंडचा झिबिस्को अडीच तासांहून अधिक झुंजले, निकाल लागला नाही. १९२८ साली पतियाळ्याला तीच कुस्ती एका मिनिटाच्या आत सुटली.

वेगळ्या वयाच्या दोघांची जोड कल्पनेत लावायला मजा येते. प्रत्यक्षात ती लागते तेव्हा कारण बहुधा पैसा असते. ज्यो लुई १९३७ ते १९४९ जगज्जेता होता, अजिंक्यपदावरच निवृत्त झाला. महायुद्धात त्याने दोन लढतींची कमाई सैन्याच्या मदतनिधीला देऊन टाकली होती. पुढे प्राप्तिकर खात्याने अशी काही बाकी काढली की त्याला पुन्हा हातमोजे चढवावे लागले. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो अठ्ठावीस वर्षांच्या मार्सियानोपुढे उभा राहिला. आठव्या फेरीत मार्सियानोने त्याला दोरांमधून बाहेर फेकले आणि नंतर त्याच्या खोलीत जाऊन तो रडला. लुई त्याचे दैवत होते.

इथे मला आमच्या अण्णांची गोष्ट सांगितली पाहिजे. अण्णा एका यात्रेच्या मैदानात वर्षानुवर्षे जोडी लावत. एका वर्षी पंचेचाळिशीचे एक नावाजलेले वस्ताद आदल्या रात्री घरी आले. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते. "अण्णा, शेवटची कुस्ती लावा, इनाम मोठं ठेवा," एवढेच म्हणाले. अण्णांनी त्यांना चोविशीच्या पोराशी लावले. तो पोरगा त्यांच्याच तालमीत वाढलेला. हलगी वाजत होती, मी अण्णांच्या पायाशी बसून पाहत होतो. पोराने तीन वेळा पट काढता येत असून काढला नाही. चौथ्या वेळी लोक ओरडू लागले, तेव्हा काढला. वस्ताद उठले, माती झाडली, पोराच्या पाठीवर थाप मारली. हरणाऱ्याचे इनाम अण्णांनी त्यांच्या हातात दिले आणि घरी आल्यावर जेवले नाहीत. पुढच्या वर्षीपासून अण्णा त्या मैदानात पंच म्हणून बसले नाहीत. का, ते मी कधी विचारले नाही.

लॅरी होम्स हा असाच पोरगा. १९७३ पासून तो अलीचा सरावातला जोडीदार होता. २ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगासला तो जगज्जेता म्हणून अडतीस वर्षांच्या अलीसमोर आला. मद्रासची गंमत होऊन जेमतेम आठ-नऊ महिने झाले होते. दहा फेऱ्या झाल्या, परीक्षकांच्या कागदावर अलीला त्यातली एकही मिळाली नाही. मारता मारता होम्स पंचांकडे पाहत होता. शेवटी अलीच्या कोपऱ्यातून अँजेलो डंडीने लढत थांबवली. होम्सही नंतर रडला. आणि २२ जानेवारी १९८८ रोजी तोच होम्स, आता स्वतः अडतिशीचा, एकवीस वर्षांच्या टायसनकडून चौथ्या फेरीत पडला. अली त्या रात्री पाहुणा म्हणून हजर होता.

अपवाद एकच सांगण्यासारखा. फोरमनने १९९४ साली पंचेचाळिसाव्या वर्षी, किन्शासात हरताना घातलेलीच लाल चड्डी घालून, सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत झोपवले. त्याआधीच्या साऱ्या फेऱ्यांचा हिशेब त्याच्या विरुद्ध चालला होता. त्याच्याकडे पाहून किती म्हाताऱ्यांनी हातमोजे बांधले असतील देव जाणे. २०२४ च्या नोव्हेंबरात अठ्ठावन्न वर्षांचा टायसन सत्तावीस वर्षांच्या जेक पॉलशी खेळला आणि गुणांवर हरला. मी ते आठच दोन-दोन मिनिटांचे तुकडे पाहिले आणि चौथ्यानंतर उठून चहा करून आणला.

दुसऱ्या आठवड्यात तो मुलगा कार्यालयात आला. उत्तर लिहून आणले होते, वहीच्या पानावर: नोव्हेंबर १९६६ चा अली, जून १९८८ चा टायसन. टायसनने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत उडवले तो महिना. पोराने अभ्यास केला होता. मी त्याला म्हटले, पहिल्या चार फेऱ्या टायसनच्या, अली त्यांतून निघाला तर पुढच्या त्याच्या आणि लढत गुणांवर अलीची. हे माझे मत, याला पुरावा नाही. १९८९ साली एका दूरदर्शन कार्यक्रमात दोघांना हेच विचारले होते. टायसनने मान लववून थोरपण अलीला दिले आणि अलीने टायसनचा ठोसा लागला तर काय होईल ते मान टाकून झोपल्याचे सोंग करून दाखवले. ज्यांना खरोखर ठाऊक असणार त्यांनी एकमेकांचे नाव घेतले.

"पण सर," तो म्हणाला, "अली १९६६ मध्ये चोवीसच वर्षांचा होता. त्याचा भर तर पुढं यायचा ना? १९६८ चा का नाही घ्यायचा?"

मी त्याला बसायला सांगितले. २८ एप्रिल १९६७ रोजी अलीने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. परवाना गेला, पद गेले, पाच वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली तोवर जून १९७१ उजाडला होता. २२ मार्च १९६७ रोजी झोरा फॉलीला हरवणारा पंचवीस वर्षांचा अली २६ ऑक्टोबर १९७० रोजी जेरी क्वारीशी खेळायला परतला तेव्हा अठ्ठावीस उलटून गेला होता, आणि त्याचे पाय पूर्वीसारखे चालत नव्हते. मधल्या साडेतीन वर्षांतला रिंगमधला अली पाहायचा तर हाताशी आहे ती मायामीची चित्रफीत. जरा सुटलेले पोट, समोर टोप घातलेला निवृत्त मार्सियानो, ठोसे अर्धे खोटे.

"म्हणजे १९६८ मध्ये तो किती लढती खेळला?"

"एकही नाही," मी म्हटले.

त्याने वहीवरचे १९६६ खोडले नाही. शेजारी १९६८ लिहिले आणि पुढची जागा कोरी सोडली.