कृत्तिकांवरचं धुकं : आकाश कोणतं आणि आरशावरचा डाग कोणता?

आज मी थोडा माझ्या प्रांताबाहेर जाणार आहे. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, निवृत्तीनंतर मात्र दुर्बिणीचं वेड लागलं. माझ्याकडे सहा इंची आरशाची परावर्ती दुर्बीण आहे. नाभीय अंतर ७५० मिलिमीटर, म्हणजे एफ ५. तिला जुना डीएसएलआर कॅमेरा जोडून मी तेजोमेघांचे फोटो काढतो, निदान काढायचा प्रयत्न करतो. त्यातल्या एका फजितीपासून आज सुरुवात करू, कारण तिनेच मला हा इतिहास वाचायला लावला.

डिसेंबरची रात्र होती. वेल्ह्याच्या बाजूला एका ओळखीच्या शेतावर आम्ही कृत्तिकांचे तासभर फोटो घेतले. दोन-दोन मिनिटांचे तीस फोटो, मग ते संगणकावर एकावर एक रचले. यालाच स्टॅकिंग म्हणतात. चित्र उजळवल्यावर काय दिसलं? मधोमध उजेड, चारी कोपरे काळवंडलेले, तीन ठिकाणी मेदूवड्यासारखी वर्तुळं, आणि एका बाजूने पुण्याच्या दिव्यांची नारिंगी झाक. मी सॉफ्टवेअरला पार्श्वभूमी सपाट करायला सांगितली. एकदा केली, समाधान झालं नाही, म्हणून आणखी जोर लावला. पार्श्वभूमी पाटीसारखी काळीभोर झाली. भाच्याला कौतुकाने पाठवली, तर त्याचं उत्तर आलं, "मामा, तारे झकास आलेत, पण ते निळं धुकं कुठे गेलं?"

ते धुकं मीच पुसून टाकलं होतं. आणि गंमत बघा, याच धुक्यावरून एकोणिसाव्या शतकात पंचवीसेक वर्षं वाद चालला होता.

१८५९ च्या ऑक्टोबरात विल्हेल्म टेंपेल या जर्मन निरीक्षकाला व्हेनिसमध्ये, चार इंची भिंगाच्या दुर्बिणीतून, कृत्तिकांमधल्या मेरोपी ताऱ्याजवळ एक फिकट डाग दिसला. आरशावर श्वास सोडल्यावर उमटतो तसा, असं त्याने त्याचं वर्णन केलं. उपमा सुंदर, पण स्वतःच्याच पायावर धोंडा! कारण लोकांना नेमकी तीच शंका आली: हा आकाशातला मेघ, की काचेवरचा ओलावा? काहींना तो दिसला, काहींना नाही. आणि पंचाईत अशी की, न दिसणाऱ्यांत टेंपेलपेक्षा मोठ्या दुर्बिणी वापरणारेही होते. मोठ्या दुर्बिणीला दिसत नाही ते लहानीला दिसतं, हे कोण मानणार?

इथे मला आपले मीमांसक आठवतात. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे 'न दिसणं', हे स्वतंत्र प्रमाण मानलं. पण त्याला एक अट घातली. वस्तू तिथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही म्हणून घागर नाही, असं म्हणता येत नाही. मोठ्या दुर्बिणींचं तेच झालं होतं. त्यांचं क्षेत्र अरुंद, वर्धन जास्त. एवढा पसरट डाग सगळं दृश्यक्षेत्र व्यापून टाकतो, आणि बाजूला तुलनेला काळं आकाशच उरत नाही. कडा दिसली नाही की डागही दिसत नाही. टेंपेलची लहान दुर्बीण इथे जास्त लायक होती.

वाद मिटवला तो फोटोग्राफीने. १८८५ मध्ये पॅरिसच्या हेन्री बंधूंच्या काचपट्टीवर माया या ताऱ्याजवळ तेजोमेघ उमटला. तो तोवर कोणाच्या डोळ्यांना दिसला नव्हता. पुढच्याच वर्षी लिव्हरपूलजवळच्या मॅगल इथे आयझॅक रॉबर्ट्स यांनी २० इंची परावर्ती दुर्बिणीतून फोटो घेतले, आणि कृत्तिकांचा बहुतेक सगळा समूहच धुक्यात गुरफटलेला निघाला. रॉबर्ट्स हे पेशाने बांधकाम व्यावसायिक, म्हणजे आपल्यासारखेच हौशी. त्यांच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर १०० इंच, म्हणजे एफ ५. माझ्या दुर्बिणीचंही तेच प्रमाण! (साम्य इथेच संपतं.) १८८८ च्या डिसेंबरात त्यांनी देवयानी दीर्घिकेचा प्रसिद्ध फोटो घेतला, तोही याच दुर्बिणीतून.

जाता जाता पुण्याची एक गोष्ट सांगतो. रॉबर्ट्स यांच्या आधी, १८८३ मध्ये, अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाने मृगातल्या तेजोमेघाचा गाजलेला फोटो घेतला होता. या कॉमन यांनीच घडवलेला एक २० इंची आरसा पुण्यात होता. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथे कावसजी दादाभाई नायगमवाला काम करत. मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटावर त्यांनी शोधनिबंध लिहिला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्याच वर्षी अमेरिकेत व्हेस्टो स्लायफर यांनी मेरोपीच्या धुक्याचा वर्णपट घेतला आणि तो ताऱ्याच्याच वर्णपटासारखा निघाला. म्हणजे ते धुकं स्वतः प्रकाशत नाही. ती धूळ आहे, ताऱ्यांचा उजेड तिच्यावर पडून परततो.

आता माझ्या चुकीकडे येऊ. मी दोन वेगळ्या रोगांना एकच औषध दिलं होतं.

कोपरे का काळवंडतात? आपल्या दुर्बिणीत मुख्य आरशाचा प्रकाश लहान तिरप्या आरशावरून बाहेर वळतो. हा दुय्यम आरसा लहान असला, की चित्राच्या कडेला जाणाऱ्या किरणांचा काही भाग त्याच्या बाहेरून निसटतो. मेदूवडे म्हणजे सेन्सरसमोरच्या काचेवरच्या धूलिकणांच्या सावल्या. या दोन्हींत आलेला प्रकाश काही टक्क्यांनी कमी होतो. हा गुणाकाराचा दोष. शहराच्या उजेडाचं तसं नाही. तो ताऱ्यांचं काही कमी करत नाही, वरून स्वतःची भर घालतो. हा बेरजेचा दोष. गुणाकार भागाकाराने काढायचा, बेरीज वजाबाकीने. शाळेतलंच गणित आहे हे.

समजा, मधोमध आकाशाची पातळी २०० आणि कोपऱ्यात, फक्त ७० टक्के प्रकाश पोचतो म्हणून, १४०. धुक्याचा उजेड खरा दोन्हीकडे २०, पण कोपऱ्यात तो १४ नोंदला गेला. मी नुसती पार्श्वभूमी वजा केली तर दोन्हीकडे शून्य येतं, चित्र सपाट दिसतं, डोळा खूश होतो. पण कोपऱ्यातलं धुकं १४च राहिलं! त्याच्यावरचा अन्याय तसाच, फक्त आता तो दिसत नाही. म्हणून आधी भागाकार. त्यासाठी 'फ्लॅट' घ्यायचे: संध्याकाळी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं सुती कापड ताणून एकसारख्या उजेडाचे वीस-तीस फोटो. फोकस हलवायचा नाही, कॅमेरा फिरवायचा नाही, धूळ पुसायची नाही. या फोटोंत फक्त दुर्बिणीचे दोष उतरतात. भागाकाराआधी सेन्सरची स्वतःची पातळी दोन्हींतून वजा करायला हवी, म्हणून दुर्बिणीला झाकण लावून घेतलेले 'डार्क' फोटोही लागतात. हे सगळं झाल्यावर मग शहराच्या उजेडाची वजाबाकी.

खरा धोका आहे तो या शेवटच्या पायरीत. सॉफ्टवेअरला आपण ठिपके देऊन सांगतो, की इथे रिकामं आकाश आहे. त्या ठिपक्यांवरून ते एक पृष्ठभाग बसवतं आणि वजा करतं. माझे ठिपके धुक्यावरच पडले होते आणि पृष्ठभाग मी भलताच लवचिक निवडला होता. मग तो धुक्याच्या आकाराप्रमाणे वळला आणि धुक्यालाच घेऊन गेला. दोष यंत्राचा नाही. 'इथे काही नाही' हे त्याला मी सांगितलं होतं.

नैयायिकांनी बाष्पाला धूर समजून अग्नीचं अनुमान करणाऱ्याची फजिती सांगितली आहे. माझी उलटी: धुराला बाष्प समजून मी पुसून टाकला.

संगणकाआधी हे काम अंधाऱ्या खोलीत हाताने होत असे. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन मूळ काचपट्टीची एक मुद्दाम अस्पष्ट, उलटी प्रत करत आणि दोन्ही एकत्र ठेवून छापत. मोठे चढउतार त्यात दबतात, बारीक तपशील वर येतात. १९८० मध्ये त्यांनी आणि कार्टर यांनी साध्या दिसणाऱ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवती फिकट कवचं दाखवून दिली. त्याआधी १९७६ मध्ये ॲलन सँडेज यांनी आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूरही फिकट धुळीचे पदर असल्याचं फोटोंवरून मांडलं. दीर्घिकांचे फोटो घेताना ज्याला लोक रिकामी पार्श्वभूमी समजत, तिथेही आपल्याच आकाशगंगेची धूळ निघाली. म्हणून आज हौशी फोटोग्राफरही तिथे ठिपका ठेवताना दहादा विचार करतो, निदान करावा.

एक मोह टाळायला सांगतो. तैत्तिरीय परंपरेत कृत्तिकांची सात नावं आहेत, त्यांत अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती अशी तीन येतात. लगेच कोणी म्हणेल, बघा, आपल्या पूर्वजांना तेजोमेघ माहीत होता! नाही हो. ही नावं पावसाशी जोडलेली आहेत. आवडता ठिपका चुकीच्या जागी ठेवण्यातलाच हा प्रकार.

यंदा जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. फ्लॅट घेतले, भागाकार आधी केला, पृष्ठभाग पहिल्या घाताचा, म्हणजे नुसती तिरपी सपाटी, आणि ठिपके समूहापासून लांब. मेरोपीचं धुकं आलं. शिवाय चित्राच्या वरच्या बाजूला एक फिकट डाग उरला. दुसऱ्या रात्री कॅमेरा काटकोनात फिरवून, फ्लॅटही नवे घेऊन, पुन्हा फोटो काढले. डाग जर सेन्सरचा असता तर तो चौकटीत जागच्या जागी राहिला असता. तो ताऱ्यांबरोबर वळला. भाचा म्हणतो, धूळ आहे. मी म्हणतो, कॅमेरा फिरला तरी आरसा नाही फिरला. शहराचा उजेडही दोन्ही रात्री त्याच दिशेला होता. तेव्हा कार्तिकात आणखी अंधाऱ्या जागी जाऊन, आरसा त्याच्या घरात फिरवून बसवायचा, आणि कृत्तिका माथ्यावर असताना पुन्हा फोटो घ्यायचे, असं ठरलंय.